शिट्ट्या मोजू नका, घड्याळ लावा

तुमच्या एका प्रश्नात चार-पाच प्रश्न आहेत. रत्नागिरीहून पुण्यात आलात, सोसायटीला बोअरचं आणि टँकरचं पाणी, बायको सव्वासातच्या बसने कामाला जाते आणि सकाळचे दोन डबे तुम्ही करता. तूरडाळ सात शिट्ट्यांनंतरही दाताखाली येते, फ्रीजमधली कणीक काळी पडते, नळांवर पांढरे थर चढतात. मोबाईलवर रोज नव्या युक्त्या दिसतात, त्यातल्या खऱ्या कोणत्या आणि एखादं यंत्र घ्यावं का, हेही तुम्ही विचारलंय. माझा डबे देण्याचा व्यवसाय बरीच वर्षं चालू आहे, तेव्हा उत्तर लांबणार. चहा घेऊन बसा.

कुठलीही युक्ती समोर आली की मी एकच विचारते: ही नेमकं करते काय? पाणी घालवते, आच वाढवते, आंबट घालते, की हवा तोडते? याचं उत्तर देता आलं तर ती बहुतेक वेळा चालते, आणि कुठे चालणार नाही हेही कळतं. उत्तर नसेल तर ती फक्त बघायला छान असते.

डाळीपासून सुरू करते, कारण तुमचा दोष नसताना तुम्ही स्वतःला दोष देताय. कोकणात जांभ्यातल्या विहिरींचं पाणी बहुधा हलकं असतं. देशावर काळ्या पाषाणातून उपसलेलं बोअरचं पाणी जड, म्हणजे त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार जास्त. डाळीच्या दाण्याला बांधून ठेवणारं पेक्टिन या क्षारांमुळे आणखी घट्ट होतं आणि दाणा फुटायचं नाव घेत नाही. यावर सगळ्यात सोपा उपाय म्हणजे डाळीच्या भांड्यात पिण्याच्या आरओ फिल्टरचं पाणी घाला. कुकरच्या तळाला नळाचंच असू दे, तिथे ते वाफच होणार आहे. डाळ धुऊन अर्धा तास गरम पाण्यात भिजली तर अजून चांगलं. सकाळी अर्धा तास नसतो, म्हणून रात्रीच धुऊन पाणी घालून फ्रीजमध्ये ठेवा. उन्हाळ्यात ओट्यावर ठेवली तर फेस येऊन आंबते.

सोडा घालू का, असं तुम्ही विचारालच. सोड्याने डाळ मऊ होते, यात शंका नाही. पण त्याने ब जीवनसत्त्वातलं थायमिन नष्ट होतं आणि चवीला साबणाची झाक येते. पाहुणे दारात असताना चिमूटभर ठीक आहे, रोज नको. चिंच, आमसूल, टोमॅटो, कैरी यांपैकी काहीही डाळ शिजायच्या आधी कुकरमध्ये टाकू नका. आंबट लागलं की डाळ अडून बसते. आमटीला आंबट शेवटी, डाळ घोटून झाल्यावर. मिठाबद्दल मात्र उगीच भीती आहे. छोले, राजमा, वाल भिजवताना पाण्यात चमचाभर मीठ घातलं तर साल मऊ पडतं, कडक होत नाही. आणि एवढं करूनही डाळ शिजत नसेल तर वाण्याला विचारा डाळ कधीची आहे. जुनी, खूप काळ साठवलेली डाळ कितीही वाफ दिली तरी कणीदार राहते.

आता शिट्ट्या. आपल्याकडच्या कुकरमध्ये वजन उचललं जाईपर्यंत वाफ कोंडते आणि आतलं पाणी शंभराऐवजी साधारण 120 अंशांवर जातं. पहिली शिट्टी म्हणजे दाब पूर्ण झाल्याची वर्दी. त्यानंतर गॅस मोठा ठेवला तर आतलं तापमान वाढत नाही, फक्त वाफ जास्त बाहेर पडते आणि सिलिंडर लवकर संपतो. त्यामुळे ‘सात शिट्ट्या’ या मापाला अर्थ नाही. मोठ्या बर्नरवर सात शिट्ट्या चार मिनिटांत होतात, छोट्यावर पंधरा मिनिटांत. पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करा आणि घड्याळ लावा. भिजवलेल्या तूरडाळीला आठ-दहा मिनिटं पुरतात. मग गॅस बंद करून दाब आपोआप उतरू द्या. त्या दहा मिनिटांत डाळ आत शिजतच असते, आणि तेवढ्यात तुमची भाजी होते. वजन चिमट्याने उचलून वाफ सोडणाऱ्यांची घाई मला कधी कळली नाही. डाळीचा फेस शिट्टीतून छतापर्यंत जातो आणि तो पुसण्यात वाचवलेला वेळ दुप्पट जातो.

डाळीत हळद आणि अर्धा चमचा तेल घातलं की फेस कमी धरतो. थेट कुकरमध्ये डाळ शिजवत असाल तर अर्ध्याच्या वर भरू नका. फेसाने वाफेची नळी बुजली तर काम धोक्याचं होतं. म्हणून झाकण लावण्यापूर्वी ती नळी उजेडाकडे धरून आरपार दिसते का बघायची. दोन सेकंदांचं काम आहे, ते सोडू नका. कुकर ॲल्युमिनियमचा असेल तर आतून काळपट होतो, विशेषतः तुमच्या पाण्याने. तळाच्या पाण्यात पिळलेल्या लिंबाची साल किंवा चिंचेचं बोटुक टाका, आतली बाजू स्वच्छ राहते. पिळलेली लिंबं फेकायची नाहीत, डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवायची, ती यासाठीच.

कणकेकडे वळू. तिच्यावर लोक नको इतकी मेहनत करतात. पीठ आणि पाणी नुसतं एकत्र करा, गोळा ओबडधोबड असला तरी चालेल, आणि झाकून वीस मिनिटं सोडून द्या. पिठाला पाणी मुरलं की चिकटपणा आपोआप तयार होतो. मग तेलाचा हात लावून दोन-तीन मिनिटं मळलं की कणीक तयार. या एका गोष्टीने आमच्याकडच्या बायकांचे खांदे वाचले. काळी पडण्याचं कारण हवा आहे. गव्हाच्या कोंड्यात एक विकर, म्हणजे एन्झाइम असतं, त्याचा हवेशी संबंध आला की रंग बदलतो, कापलेल्या सफरचंदासारखा. तो रंग विषारी नसतो, दिसायला मात्र वाईट. वरून तेलाचा हात फिरवा आणि गोळ्याच्या मापाचा डबा घ्या, ज्यात रिकामी जागा उरत नाही. फ्रीजमधली कणीक सैल पडते, म्हणून रात्री मळताना रोजच्यापेक्षा थोडी घट्ट मळा. एका रात्रीच्या वर ठेवू नका. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिला आंबूस वास यायला लागतो आणि पोळी फुगत नाही.

सकाळचा वेळ मुळात कशात जातो, तेही सांगते. तो शिजवण्यात जात नाही, शोधण्यात आणि चिरण्यात जातो. मी कामाला नव्या येणाऱ्यांना आधी क्रम शिकवते, पदार्थ नंतर. ज्याच्याकडे बघावं लागत नाही ते पहिलं चढवायचं, म्हणजे कुकर. तो शिट्टीपर्यंत येतो तेवढ्यात कणीक बाहेर काढून ठेवायची, भाजीची फोडणी करायची. कुकर बारीक झाला की दुसऱ्या बाजूला तवा. आमटीची फोडणी सगळ्यात शेवटी, त्याच कढल्यात, न धुता. चहा मध्येच करायचा नाही, तो आधी पिऊन मोकळं व्हायचं. हा क्रम बसला तर तुमच्या दोन डब्यांना पाऊण तास भरपूर.

चिरण्याचं काम रात्रीचं. फरसबी, गवार, कोबी, फ्लॉवर, दुधी चिरून डब्यात ठेवलं तर सकाळपर्यंत काही होत नाही. बटाटा आणि वांगं चिरून ठेवू नका. बटाटा पाण्यात बुडवून ठेवता येतो, पण वांगं सकाळीच चिरलेलं बरं. भेंडी धुऊन पूर्ण कोरडी झाल्याशिवाय सुरी लावायची नाही. तिच्या चिकटपणाला पाणी लागलं की तार सुटते. परतताना झाकण नको, आणि अर्धवट शिजल्यावर आमसुलाचे दोन तुकडे किंवा चमचाभर दही. मीठ शेवटी.

रविवारी एक तास काढलात तर आठवडा सुटतो. कांदा आणि सुकं खोबरं भाजून वाटण करायचं, गार करून बर्फाच्या ट्रेमध्ये भरायचं, घट्ट झालं की वड्या काढून पिशवीत. मसाल्याची उसळ किंवा भरली वांगी करताना दोन वड्या टाकल्या की झालं. डीप फ्रीजरमध्ये महिनाभर सहज टिकतं. चिंचेचा कोळही असाच: चिंच गरम पाण्यात भिजवून गाळायची, कोळ दोन उकळ्या आणून दाट करायचा आणि बाटलीत भरून फ्रीजमध्ये. रोज चिंच भिजवण्याचं नाटक संपतं. शेंगदाणे एकदम किलोभर भाजून ठेवा, पण कूट आठवड्यापुरतंच करा. कुटलं की दाण्यातलं तेल हवेला उघडं पडतं आणि त्याला खवट वास लागतो. साबुदाण्याच्या खिचडीची अर्धी बदनामी या खवट कुटामुळे होते.

आलं-लसणाच्या पेस्टबद्दल जरा थांबून सांगते, कारण इथे युक्ती घातक ठरू शकते. तेलात बुडवलेला कच्चा लसूण ओट्यावर महिनाभर ठेवा, असं कुणी सांगत असेल तर ऐकू नका. मातीतून आलेले बोटुलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू हवा नसलेल्या ठिकाणी वाढतात, आणि तेलाखाली हवा नसते. त्या विषाला वासही नसतो. पेस्टमध्ये मीठ-तेल घाला, पण ठेवा फ्रीजमध्ये आणि आठवड्यात संपवा. जास्त केली असेल तर तिच्याही वड्या गोठवा. पेस्ट हिरवट-निळसर झाली म्हणून घाबरून फेकू नका. लसणातल्या गंधकाच्या घटकांमुळे तसं होतं, ते खाण्याला सुरक्षित असतं. सोलण्यासाठी पाकळ्या दहा मिनिटं कोमट पाण्यात टाका, साल बोटाने सुटतं. देशी बारीक लसूण असेल तर तेलाचा हात लावून उन्हात ठेवा, मग सुपात चोळा.

तसाच काळजीचा दुसरा पदार्थ म्हणजे उरलेला भात. फोडणीचा भात कुणाला आवडत नाही! पण रात्रीचा भात सकाळपर्यंत ओट्यावर झाकून ठेवायची सवय सोडा, विशेषतः एप्रिल-मेमध्ये. भातात बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू शिजूनही टिकतात. भात कोमट राहिला की ते वाढतात आणि त्यांनी सोडलेलं विष परत परतल्याने जात नाही. ताटात पसरून गार करा आणि तास-दीड तासात फ्रीजमध्ये टाका. फ्रीजमधला मोकळा झालेला भात फोडणीला अधिक चांगला लागतो, शितं मोडत नाहीत.

नारळ तुम्हाला मी काय शिकवणार, रत्नागिरीचे तुम्ही! तरी पुण्यातल्या फ्लॅटमध्ये विळीवर बसून खवायला जागा नसते, म्हणून एक सांगते. फोडलेल्या वाट्या रात्रभर डीप फ्रीजरमध्ये ठेवा आणि सकाळी थोडा वेळ बाहेर काढून ठेवा. खोबरं आकसतं आणि करवंटीपासून सुटतं, सुरीचं टोक घातलं की अख्खी वाटी बाहेर येते. तुकडे करून मिक्सरमध्ये पाण्याशिवाय फिरवले की खवल्यासारखंच होतं. सोलकढीला मात्र ताजा नारळच घ्या, गोठवलेल्याचं दूध तितकं दाट निघत नाही असं माझं मत आहे. तुमची आई कदाचित याहून कडक शब्दांत सांगेल.

खारट झालेल्या आमटीत बटाटा टाकायची युक्ती सगळ्यांना माहीत आहे, आणि ती जवळपास बिनकामाची आहे. बटाटा मीठ वेचून घेत नाही, तो खारट पाणीच शोषतो, आणि उरलेलं पाणी तितकंच खारट राहतं. कणकेच्या गोळीचंही तेच. खारटपणा कमी करायचा तर बिनमिठाची डाळ, पाणी, दाण्याचं कूट किंवा नारळाचं दूध घालून ऐवज वाढवायचा. लिंबू-गुळाने चव थोडी सावरते. तिखट जास्त झालं तर पाणी कामाचं नाही. मिरचीतला तिखटपणा तेला-तुपात विरघळतो, पाण्यात नाही, म्हणून दही, साय, नारळाचं दूध किंवा वरून तुपाची धार. मिरच्या चिरून हाताची आग होते तेव्हाही आधी तेल चोळा, मग साबण. साबण-पाण्याने सुरुवात केलीत तर आग पसरते आणि ते हात चुकून डोळ्यांना लागले तर विचारू नका. सुरण, अळू कापताना हाताला तेल लावा. त्यांची खाज कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुयांसारख्या स्फटिकांची असते. शिजवताना चिंच किंवा आमसूल घालायची आपली पद्धत त्यासाठीच आहे. फणसाच्या चिकालाही तेलच: हाताला, सुरीला आणि खाली अंथरलेल्या कागदालाही.

कांदा चिरताना तोंडात पोळीचा तुकडा धरा, डोक्यावर सालं ठेवा, हे सगळं गमतीचं. कांदा कापला की त्यातल्या विकरांमुळे डोळ्यांना झोंबणारा वायू तयार होतो. कांदा गार असेल तर ते कमी वेगाने होतं, आणि सुरी धारदार असेल तर पेशी कमी चिरडतात. अर्धा तास आधी फ्रीजमध्ये ठेवा आणि पंख्याचा झोत बाजूने येईल असं उभे राहा. कांदे कायमचे फ्रीजमध्ये मात्र ठेवू नका, मऊ पडतात. कांदे-बटाटे एका टोपलीत नको, दोन्ही लवकर खराब होतात.

कोथिंबीर न धुता, देठं थोडी कापून, कोरड्या फडक्यात गुंडाळून डब्यात. हिरव्या मिरच्यांचे देठ काढून टाका, सडायला सुरुवात तिथूनच होते.

आता तुमचे पांढरे थर. डाळ अडवणारे क्षारच इथेही आहेत. पाणी सुकतं आणि क्षार नळावर राहतात. त्यांना साबण चालत नाही, आंबट चालतं. वाण्याकडे लिंबूसत्त्व मिळतं, त्याचे दोन चमचे कोमट पाण्यात विरघळवा, फडकं भिजवून नळाभोवती अर्धा तास गुंडाळून ठेवा आणि पुसा. शॉवरची जाळी काढून त्याच पाण्यात बुडवा. विजेच्या किटलीत हेच पाणी उकळून फेका, मग साध्या पाण्याने दोनदा उकळा. पण ओटा कशाचा आहे ते आधी बघा! कडप्पा आणि शहाबादी फरशी म्हणजे चुनखडीचा दगड. त्यावर लिंबू, व्हिनेगर, चिंचेचं पाणी सांडलं की दगडाचा वरचा थर खाल्ला जातो आणि पांढरट डाग कायमचा राहतो. संगमरवराचंही तसंच. ग्रॅनाइटला काही होत नाही. जुन्या वाड्यातल्या किंवा भाड्याच्या घरातल्या ओट्यावर दिसणारे ते गोल पांढरे ठसे बहुतेक अर्ध्या लिंबाचे असतात.

व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र ओतून फेस काढणारे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतीलच. फेस सुंदर दिसतो, काम करत नाही. एक आम्ल, एक अल्कली, दोघं एकमेकांना संपवतात आणि हातात उरतं जवळपास मिठाचं पाणी. वेगवेगळे वापरा. क्षारांना आंबट, तेलकट-करपलेल्याला सोडा. तळाला लागलेल्या दुधाच्या पातेल्यात पाणी आणि मोठा चमचा सोडा घालून दहा-पंधरा मिनिटं उकळा, रात्रभर राहू द्या, सकाळी उलथन्याने पापुद्रे निघतात. हे स्टीलला. ॲल्युमिनियमच्या पातेल्याला सोडा नको, ते काळं पडतं. तांब्या-पितळेला चिंच किंवा लिंबू-मीठ, आणि लगेच धुऊन कोरडं पुसणं. ओलं ठेवलंत तर संध्याकाळपर्यंत परत डाग.

संडास स्वच्छ करायचं ॲसिड आणि कपड्यांचं ब्लीच कधीही एकत्र ओतू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेततो. ‘दोन्ही मिसळलं की जास्त स्वच्छ’ म्हणणारी युक्ती दिसली तर त्या माणसाच्या बाकीच्या युक्त्याही विसरा.

हळदीच्या डागाला साबण लावलात की तो लाल होतो. घाबरायचं नाही: हळदीत चुना मिसळला की लाल होते, त्याच जातीचं हे. धुवा, लाल रंग परत पिवळा होईल, आणि मग थेट उन्हात वाळत घाला. हळदीचा रंग उजेडात टिकत नाही, एक-दोन दिवसांच्या उन्हात डाग फिका पडून जातो. मिक्सरच्या भांड्याचं पिवळं झालेलं प्लॅस्टिकचं झाकणही खिडकीत ठेवून बघा. दुसरं काही करावं लागत नाही.

मिक्सरवरून आठवलं. खडेमीठ फिरवून पात्यांना धार लागते, असं सांगतात. पाती आणि भांडं स्वच्छ होतं, धार फारशी येत नाही. मिक्सर मध्येच बंद पडला तर दुरुस्तीवाल्याला फोन करण्याआधी उलटा करून तळाचं लाल बटण बघा. जास्त ताण आला की ते स्वतःहून सुटतं. पाच-दहा मिनिटं गार होऊ द्या, बटण आत दाबा, भांड्यातला ऐवज कमी करा.

धान्याच्या किड्यांसाठी कडुलिंबाचा पाला, तमालपत्र ठेवतात. निव्वळ त्यावर विसंबू नका. रवा, मैदा, बेसन घरी आलं की तीन-चार दिवस डीप फ्रीजरमध्ये ठेवा, त्यातली अंडी-अळ्या मरतात. मग बाहेर काढून पाकीट खोलीइतकं कोमट होईपर्यंत उघडायचं नाही, नाहीतर आत दव धरतं. रवा भाजून ठेवला तर तो टिकतोही आणि सकाळी उपमा दहा मिनिटांत होतो. तुम्हाला दोघांना लागणाऱ्या डाळी किलोकिलोने आणा, वर्षाचं भरून ठेवायला तुमच्या फ्लॅटमध्ये जागा नाही. मोठ्या साठ्याला एरंडेलाचा हात लावायची जुनी पद्धत चांगली आहे. तांदळाला बोरिक पावडर चोळणं आणि धान्यात पाऱ्याच्या गोळ्या ठेवणं मात्र घरात येऊ देऊ नका, कोणीही कितीही शुद्ध म्हणून दिल्या तरी. दोन्ही विषारी आहेत, आणि धुऊन सगळं जातंच याची खात्री कोण देणार?

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, युक्ती गावाप्रमाणे बदलते. माठातलं पाणी नागपूरच्या कोरड्या उन्हात गारेगार होतं, रत्नागिरीच्या दमट हवेत जेमतेम. कारण ते गार होतं बाहेरच्या ओलाव्याच्या वाफेने, आणि हवा आधीच ओली असेल तर ओलावा जाणार कुठे? इडलीचं पीठही तसंच. तुमच्या घरी ते सहा-सात तासांत फुगत असेल, पुण्याच्या डिसेंबरात बारा तास धरून चाला. पीठ कॅसरोलमध्ये किंवा बंद ओव्हनमध्ये फक्त दिवा लावून ठेवा. विरजणालाही हाच उपाय. दूध बोटाला सोसेल इतकं गरम, म्हणजे 40-45 अंश, असतानाच दही घाला, आणि नंतर भांडं हलवून बघत बसू नका. उलट सायीचं लोणी काढताना गारवा हवा. मिक्सरमध्ये विरजलेल्या सायीबरोबर बर्फाचे चार खडे टाकले की लोणी पटकन गोळा होतं, मेमध्ये तर बर्फाशिवाय जमतच नाही. तूप कढवताना शेवटी विड्याचं पान टाका. त्याने काय होतं ते मी सांगू शकेन असं नाही, पण वास घ्या आणि ठरवा.

गॅस किती उरलाय ते बघायला सिलिंडर हलवू नका. ओल्या फडक्याने उभा पट्टा पुसा आणि मिनिटभर थांबा. वरचा रिकामा भाग आधी सुकतो, आत द्रव आहे तिथपर्यंत ओल टिकते. ज्योत पिवळी येत असेल आणि भांड्यांचे तळ काळे होत असतील तर बर्नरची भोकं बुजली आहेत. थंड झाल्यावर सुईने साफ करा, निळी ज्योत परत येईल. गळतीची शंका आली तर काडी नाही, साबणाचा फेस लावून बुडबुडे बघायचे. वास स्पष्ट येत असेल तर दिव्याच्या बटणालाही हात न लावता खिडक्या उघडा, रेग्युलेटर बंद करा, बाहेर पडा आणि 1906 हा गॅसगळतीचा तातडीचा नंबर लावा.

राहिला यंत्राचा प्रश्न. दोन माणसांच्या घराला भाजी चिरायचं विजेचं यंत्र नको, ते धुण्यात चिरण्याइतकाच वेळ जातो. दोरी ओढायचा छोटा चॉपर कांदा-मिरचीला ठीक आहे, टोमॅटोचा त्यात लगदा होतो. कणीक मळायचं यंत्र रोज वीस पोळ्या होत असतील तर विचार करा. त्याऐवजी एक जास्तीचं मिक्सरचं छोटं भांडं, एक जाड बुडाचं कढलं आणि एक बऱ्यापैकी सुरी घ्या. सुरीला धार लावायला चिनी मातीचा मग उलटा करा. बुडाला जी खरखरीत, चकाकी नसलेली कड असते, तिच्यावर पातं जरा तिरपं धरून दोन्ही बाजूंनी आठ-दहा वेळा फिरवा, मग धुऊन पुसा. धार लागली की नाही ते टोमॅटोवर बघा, अंगठ्यावर नाही.